दळी, रान आणि कार्बनाचा हिशेब

वसंतात आपण संध्याकाळी व्याख्यानाला जमतो, त्याच दिवसांत पेणहून वाकणकडे अथवा रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या प्रवाशाला डोंगरपायथ्याच्या खाचरांतून धुराच्या रेघा वर जाताना दिसतात. तो राबाचा धूर होय. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या तोडून आणलेले कवळ, त्याबरोबर शेण, गवत, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर, अशी रचना करून भाताच्या रोपाची जागा भाजून काढावयाची; म्हणजे तणाचे बी जळते, मातीला राखेचे खत मिळते आणि मृगाच्या पावसावर रोप जोमाने वर येते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको.

परंतु हाच धूर आता जगाच्या एका नव्या खातेवहीत नावे पडू लागला आहे. त्या वहीचे नाव कार्बनाचा हिशेब. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि त्यातला कार्बन खोडात, फांद्यांत व मुळांत साठवून ठेवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनाचा असतो. म्हणजे एक टन वाळके लाकूड जळाले, तर सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, खोडाचा घेर मोजावयाचा, काही नमुन्याच्या तुकड्यांवरून साऱ्या रानाचा अंदाज करावयाचा, आणि ‘हे रान राखले म्हणून इतका वायू हवेत गेला नाही’ असा दाखला तयार करावयाचा. दूरच्या एखाद्या देशातला कारखाना हा दाखला विकत घेतो आणि आपल्या धुराची तेवढी भरपाई झाली असे मानतो. जंगलतोड थांबविण्याबद्दल पैसे देण्याची ही कल्पना पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या देशांनी २००५ साली माँट्रियलच्या परिषदेत पुढे मांडली. २००७ साली बाली येथे तिची जगाने दखल घेतली, २०१० साली कॅनकून येथे तिच्यासाठी काही अटी ठरल्या, २०१३ साली वॉर्सा येथे नियम झाले आणि २०१५ च्या पॅरिस करारात तिला स्थान मिळाले. आपल्या देशाने त्याच वर्षी, २०३० पर्यंत रान व झाडे वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड साठविण्याचा मनोदय जाहीर केला, आणि २०१८ साली या विषयाचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले.

हेतू चांगला आहे, याविषयी वाद नाही. रान राखले पाहिजे हे आपल्या जिल्ह्याइतके कोणास पटावे? २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला, ते दुःख अजून ताजे आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक शंका येते. कुलाब्याच्या रानाचा हिशेब मांडला जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. आरमारासाठी मांडला गेला, आगगाडीसाठी मांडला गेला, मुंबईच्या चुलींसाठी मांडला गेला. इंग्रजी अमलापासून तर दर वेळी झाडांची मोजणी पक्की झाली आणि रानातल्या माणसांची नोंद कच्ची राहिली. ती कच्ची नोंद पक्की करण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. कार्बनाची वही उघडण्यापूर्वी ही जुनी वही मिटविली पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आज्ञापत्रातील झाड

प्रारंभ आपल्याच घरापासून करू. रामचंद्रपंत अमात्य यांनी सुमारे १७१५ साली लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आला आहे. त्याचा आशय असा की, गलबतांना लागणारा साग वगैरे रानातून हुजूरच्या परवानगीने तोडावा. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची खरी, पण त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून आणि त्याला पैसे देऊन मगच न्यावे.

हा उतारा पर्यावरणाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून आपण वारंवार ऐकतो. मला त्यात दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. राज्याची गरज मोठी, आरमार तर राज्याचे केवळ अंगच. तरीही झाड ज्याचे त्याची संमती आणि त्याचे मोल, या दोन गोष्टींवाचून ते न्यावयाचे नाही असा दंडक येथे आहे. अर्थात यात एक मर्यादाही आहे, ती लपविण्याचे कारण नाही. आंब्या-फणसाला मालक होता म्हणून त्याची संमती आली. डोंगरातल्या रानाबाबत परवानगी हुजूरची. त्या रानात राहणाऱ्या कातकऱ्याला वा ठाकराला विचारावे, ही गोष्ट त्या काळच्या कागदातही आलेली नाही.

इंग्रजी अंमल

१८१८ साली पेशवाई गेली आणि पेणचा मुलूख इंग्रजांकडे आला. रोह्याकडचा आंग्र्यांचा प्रदेश १८४० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी खालसा केला. पलीकडे मुंबई वाढत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि रुळांखालच्या पट्ट्यांसाठी, जळणासाठी, इमारतींसाठी लाकडाची मागणी अफाट वाढली. पेणच्या अंतोरे बंदरातून आणि कुंडलिकेच्या काठच्या अष्टमी बंदरातून मुंबईकडे जाणाऱ्या मालात रानाचा वाटा मोठा होता. मुंबईच्या चुलीत आपल्या डोंगरांचा कोळसा जळत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मागणी वाढली तसा कायदा आला. पहिला वनकायदा १८६५ चा. अधिक कडक असा दुसरा १८७८ चा. या दुसऱ्या कायद्याने राखीव जंगल करण्याची रीत घालून दिली. सरकारने जाहीरनामा काढावयाचा, एक अधिकारी नेमावयाचा, आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने ठरलेल्या मुदतीत तो त्या अधिकाऱ्यापुढे सांगावयाचा. ही मुदत तीन महिन्यांहून कमी नसावी असे कायदा म्हणतो. जो हक्क सांगितला गेला नाही, तो सामान्यतः संपुष्टात आला. कागदावर ही रीत निर्दोष दिसते. पण जाहीरनामा वाचता न येणाऱ्या, कचेरीची पायरी न चढलेल्या, आणि पावसाळ्याव्यतिरिक्त एका वाडीत फारसा न टिकणाऱ्या कातकऱ्याने तीन महिन्यांत कोणापुढे काय सांगावे? ज्याने कधी मागितले नाही त्याचे काही नव्हतेच, असे या रीतीतून सिद्ध झाले.

राबासाठी कवळ तोडण्यावरही बंधने आली आणि त्यामुळे ठाणे-कुलाब्यात मोठी ओरड झाली. ती इतकी वाढली की, मुंबई सरकारला १८८५ साली या दोन जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले डॉ. व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. तात्पर्य, राब हा केवळ अडाण्यांचा खेळ नसून त्यावर भाताचे पीक अवलंबून आहे, हे सरकारदरबारी मांडले गेले. ते कोणामुळे मांडले गेले, हेही लक्षात घेतले पाहिजे. जमीनधारक, वकील, लिहिते-वाचते लोक या प्रश्नात उतरले, अर्ज झाले, सभा झाल्या. ज्याच्या बाजूने लेखणी होती त्याचे ऐकले गेले. डोंगरावरच्या माणसाच्या बाजूने लेखणी नव्हती.

दळी म्हणजे काय

हा डोंगरावरचा माणूस कोण? पेण-रोह्याच्या परिसरात प्रामुख्याने कातकरी आणि ठाकर. खैराच्या लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, तो रस आटवून कात करणारा म्हणून कातकरी असे नाव पडले. विड्यातला कात साऱ्यांनी खाल्ला. पण रान राखीव झाले, खैर तोडणे गुन्हा ठरला, आणि ज्याच्या नावातच धंदा होता त्याचा धंदा गेला. मग तो कोळशाच्या भट्टीवर गेला, आणि पुढे वीटभट्टीवर. आजही दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने अतिदुर्बल आदिवासी गटांत घातले आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

इंग्रजी अमलात डोंगरउतारावरच्या काही जागा या लोकांना नागली-वरीसाठी लावून देण्यात आल्या. त्यांनाच आपल्याकडे दळी म्हणतात. उताराचा एक तुकडा भाजावयाचा, काही वर्षे पिकवावयाचा, मग तो पड टाकून दुसऱ्या तुकड्याकडे जावयाचे, अशी ही शेती. दळी देताना ती एकेका कुटुंबाच्या नावे न देता गटाला देत, आणि वनखात्याच्या वहीत नाव लागे ते गटाच्या नायकाचे. त्याच्या पाठीमागे दहा घरे असोत की तीस, वहीत माणूस एक. जमिनीचा आकडा वहीत लिहिलेला असला तरी ती कोठून कोठपर्यंत, याच्या हद्दी जागेवर नेहमी आखलेल्या नसत.

नायक होता तोवर हे चालले. नायक वारला, त्याची मुले वेगळी झाली, पाठीमागच्या दहा घरांची चाळीस झाली. वहीतले नाव मात्र तेच राहिले. चार पिढ्या एकाच उतारावर नागली काढणारे कुटुंब कागदाच्या दृष्टीने तेथे नव्हतेच. मालकी सरकारची, वहिवाट नायकाची, आणि घाम गाळणारा मात्र अतिक्रमक, अशी ही विलक्षण स्थिती. कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाला दोन ओळींपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळाली.

चिरनेर आणि त्यानंतर

१९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा समुद्रकाठी मिठाचा कायदा मोडला गेला आणि डोंगराकाठी जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून जंगल सत्याग्रह केला. आपल्या जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण भागातील चिरनेर येथे हजारो लोक अक्कादेवीच्या रानाकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत कातकऱ्याचे नाव आहे. ज्या रानासाठी तो गेला त्या रानाच्या वहीत त्याच्या जातभाईंचे नाव यावयास मात्र आणखी पाऊणशे वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आपोआप सुटेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. १९५२ च्या वननीतीने राष्ट्रीय गरजांना अग्रस्थान दिले. केवळ जंगलाशेजारी राहतात म्हणून गावकऱ्यांनी राष्ट्राचा तोटा करून सवलती मागू नयेत अशी तिची भूमिका होती. महाराष्ट्राने १९७५ साली खाजगी वने संपादन करण्याचा कायदा केला. १९८० साली वनसंवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामी देण्यास केंद्राची परवानगी सक्तीची झाली. १९८१ साली जिल्ह्याचे नाव कुलाब्याचे रायगड झाले, पण दळीची वही तीच राहिली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलाची व्याख्या विस्तृत केली, आणि मे २००२ मध्ये केंद्राच्या पत्राने वनजमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास राज्यांना सांगितले. रान वाचविण्यासाठी यांतल्या पुष्कळ गोष्टी आवश्यक होत्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याची जुनी वहिवाट कधी नोंदलीच गेली नाही, तो आणि काल येऊन रान तोडणारा, हे दोघे एकाच शब्दाने ओळखले गेले, हेही तितकेच खरे.

या अंधाऱ्या काळात दळीचा प्रश्न जिवंत ठेवला तो जिल्ह्यातल्या आदिवासींनी आणि त्यांच्या संघटनांनी. उल्का महाजन यांचे सर्वहारा जन आंदोलन, तसेच सुरेखा दळवी यांचे काम, यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. सुरेखा दळवी आणि मिलिंद बोकील यांनी २००० साली किनारी महाराष्ट्रातील आदिवासींच्या जमीनहक्कांवर लेख लिहिला. बोकिलांचे ‘कातकरी : विकास की विस्थापन’ हे पुस्तकही अभ्यासूंनी वाचावे असे आहे.

२००६ चा कायदा

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा कायदा केला. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारने एक असाधारण गोष्ट कबूल केली आहे. परक्या अमलात आणि स्वतंत्र भारतातही वननिवासींचे हक्क नोंदले गेले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी ती कबुली. आपल्या दळीच्या वहीचीच ही गोष्ट नव्हे काय?

आपल्या दृष्टीने कायद्यातली पाच कलमे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरांच्या मर्यादेत, कसणाऱ्याच्या हक्काची होते. सरकारने पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचे किंवा भाडेपट्ट्यांचे मालकीहक्कात रूपांतर मागता येते. दळीला हा दरवाजा थेट उघडा आहे. हक्काचा कागद पती व पत्नी दोघांच्या नावे होतो; एका नायकाच्या नावामागे सारी घरे दडण्याची जुनी रीत येथे संपते. गावाला आपल्या परंपरागत रानाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मिळतो. आणि हक्काची छाननी पुरी होईपर्यंत कोणालाही उठविता येत नाही.

पुराव्याच्या बाबतीतही कायदा उदार आहे. सरकारी कागद चालतो, तसाच वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. झोपडीचा चौथरा, जुना बांध हेही चालतात. हे काम प्रथम ग्रामसभेने करावयाचे. यात आपल्याकडे एक अडचण आहे. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही. म्हणून आदिवासी क्षेत्राच्या १९९६ च्या पंचायत कायद्याने गडचिरोलीस वा नंदुरबारला जे ग्रामसभेचे बळ मिळाले, ते पेण-रोह्याच्या वाड्यांना मिळालेले नाही. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत कोपऱ्यात बसलेल्या चार कातकऱ्यांचा आवाज कितीसा निघणार? २०१२ च्या सुधारित नियमांनी नोंद नसलेल्या पाड्या-वाड्यांची वेगळी यादी करण्याची तरतूद केली, ती याच कारणाने महत्त्वाची आहे. त्यातही अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याच प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. घराखालची जागाही ज्याची नाही, त्याने रानाचा दावा धीटपणे मांडावा ही अपेक्षा सोपी नव्हे.

दावे झाले, काही मंजूर झाले, पुष्कळ फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. देशातल्या लाखो कुटुंबांनी ते पंधरा दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करावी.

कार्बन कोणाचा?

आता प्रारंभीच्या हिशेबाकडे वळू. कार्बनाचा दाखला विकावयाचा तर विकणारा कोणी तरी असला पाहिजे, आणि त्याचा रानावर हक्क असला पाहिजे. २००६ च्या कायद्यात कार्बन हा शब्द नाही. ज्या रानावर गावाचा सामूहिक हक्क नोंदलेला आहे, तेथे गाव पुढे येऊन म्हणू शकते की, हे रान आम्ही राखले. जेथे तो नोंदलेला नाही, तेथे करार होईल तो वनखाते आणि कंपनी यांच्यात. वाडीला फार तर रोपे लावण्याची मजुरी मिळेल.

दुसरी गोष्ट मुदतीची. झाडात साठलेला कार्बन टिकला तरच दाखला खरा, म्हणून असे करार वीस वीस वर्षांचे अथवा त्याहून लांब असतात. एवढा काळ कवळ तोडावयाचे नाही, दळी फिरवावयाची नाही, गुरे आत घालावयाची नाहीत, अशा अटी त्यात येणे स्वाभाविक आहे. राबाला आणि सरपणाला दुसरा पर्याय आधी उभा न करता अशी सही घेतली, तर रानाचा हिशेब जुळेल आणि भाताचा बिघडेल.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पीक निघाल्यावर दळीचा उतार उघडा-बोडका दिसतो. दुरून पाहणाऱ्याला, अथवा आकाशातून घेतलेल्या चित्राला, ती अवनत वनजमीन वाटते. आणि अवनत वनजमीन हीच आज वृक्षारोपणासाठी शोधली जात आहे. २०१६ च्या कायद्याने पर्यायी वनीकरणाचा मोठा निधी उभा राहिला; ऑक्टोबर २०२३ मध्ये झाडे लावणाऱ्यास हरित गुण देण्याचे नियम निघाले. ज्या दळीचा दावा अद्याप निकाली नाही, ती ‘पडीक’ म्हणून अशा यादीत गेली आणि तिच्यावर रोपे उभी राहिली, तर १८७८ ची गोष्ट पुन्हा घडेल.

हे भय काल्पनिक आहे असे कोणी म्हणेल. केनियातल्या माऊ अरण्यात ओगियेक नावाची मध गोळा करणारी जमात राहते. पाण्याचे उगम आणि रान राखण्याचे कारण सांगून सरकारने त्यांना बाहेर काढले. २६ मे २०१७ रोजी आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की, रानाच्या नाशाचा दोष ओगियेकांवर येत नाही आणि त्यांना काढणे हा त्यांच्या हक्कांचा भंग आहे. उलट दिशेचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मेघालयात खासी टेकड्यांवर दहा हिमांनी, म्हणजे परंपरागत खासी संस्थानांनी, एकत्र येऊन सुमारे २७,००० हेक्टर प्रदेशात २०११ च्या सुमारास कार्बनाची योजना सुरू केली. तेथे रान पूर्वीपासून समाजाच्या आणि कुळांच्या हाती आहे, घटनेच्या सहाव्या अनुसूचीचा आधार आहे. म्हणून दाखला विकणारा कोण हा प्रश्नच आला नाही. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली गावाने आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. तेथे आधी हक्क आला आणि मग व्यापार आला. मला या क्रमाचे महत्त्व वाटते.

संमतीची रीत

संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांची घोषणा केली आणि भारताने तिच्या बाजूने मत दिले. तिचा एक गाभा असा की, या लोकांच्या जमिनीबाबत काही करावयाचे तर दडपण न आणता, काम सुरू होण्यापूर्वी आणि पुरती माहिती देऊन त्यांची संमती घेतली पाहिजे. कॅनकूनच्या अटींतही या घोषणेचा उल्लेख आहे. हे फार परके वाटावयाचे कारण नाही. झाडाच्या मालकाला राजी करून, पैसे देऊन, मगच झाड न्यावे असे आपल्या आज्ञापत्राने तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेच होते; रानातल्या माणसाला मालकांत धरावयाचे, एवढीच त्यात भर पडली आहे.

आणि संमती विचारता येते, हेही आपल्या तालुक्याने दाखविले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावयाची की नाही, यावर पेण तालुक्यातील शेतकऱ्यांचे मत सरकारने गावोगाव घेतले आणि शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने येऊन आपला नकार नोंदविला. खाडीकाठच्या शेतकऱ्याला जे विचारले गेले, ते डोंगरावरच्या दळीवाल्याला का विचारू नये? याच पेण तालुक्यात गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. जमिनीचा प्रश्न माणसाच्या मनाला हात घालून सोडवावा म्हणून ते देशभर पायी फिरले. त्यांच्या जन्मगावाच्या भोवतालच्या डोंगरांवर हा प्रश्न उभा आहे, याचे स्मरण आपण ठेवावे.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती आहे. आपण नगरवासी या प्रश्नाचे प्रेक्षक नाही. आपल्या घरांच्या भिंतीतली वीट पुष्कळदा कातकऱ्याच्या हाताने पाडलेली असते. शिवाय १८८५ साली राबाची बाजू ऐकली गेली ती लेखणी मदतीला आली म्हणून, हे आपण पाहिलेच. ती लेखणी आज आपल्यापाशी आहे. निवृत्त तलाठी आणि शिक्षक, वकील, मोडी वाचू शकणारे जाणते गृहस्थ यांनी वर्षातले चार रविवार एखाद्या वाडीला दिले, जुन्या दळीच्या नोंदी वाचून दिल्या, म्हाताऱ्यांचे जबाब नीट लिहून घेतले, ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसले, तर पुष्कळ दावे उभे राहतील. म्हाताऱ्यांचा विचार केला तर या कामाला सवड थोडी आहे. नायक कोण होता आणि त्याच्या पाठीमागे कोणकोणती घरे होती, हे सांगणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. कार्बन मोजणारे उद्या येवोत अथवा दहा वर्षांनी येवोत. ते आले म्हणजे प्रथम विचारतील, हे रान कोणाचे? त्या वेळी वाडीच्या हाती कागद असला पाहिजे.